अठ्ठ्याऐंशी ते एक्क्याण्णव

मी जन्मजात भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला मी शूर वाटले तर तो गैरसमज माझ्या खात्यावर नको. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी तो गेली वीस वर्षं टेलिफोनच्या रूपात लागला आहे.

टेलिफोन म्हणजे पालकांचा. मी एका प्रकाशनसंस्थेत किशोरांच्या पुस्तकांची संपादक आहे. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी आमच्याकडे जे काही छापलं जातं, त्यावरून आधी माझी लाल पेन्सिल फिरते. एकदा आमच्या एका कादंबरीत एक मुलगा आणि एक मुलगी एका छत्रीतून घरी गेले. नुसते गेले. तर कुणा एका वडिलांनी फोन करून पाऊण तास मला विचारलं, की छत्री नेमकी केवढी होती. त्या दिवसापासून मी ताकही फुंकून प्यायला लागले. गोष्टीत हात हातात आला की मी तो प्रसंगच कापायची, मग तो हात कुणाचा का असेना.

आमच्याकडे एक पद्धत आहे, आणि ती मीच पाडलेली आहे. पुस्तक छापायला जाण्याआधी आम्ही त्याच्या पाच झेरॉक्स प्रती काढतो, दोऱ्यानं बांधतो, वर एक ते पाच आकडे टाकतो आणि जवळच्या वाचनालयातल्या पाच खणांत ठेवतो. काउंटरवर एका डब्यात पाच चिठ्ठ्या असतात. ज्या मुलाला वाटेल त्यानं चिठ्ठी उचलायची, खिशात घालायची आणि सवडीनं आपल्या आकड्याची प्रत न्यायची. समासात पेन्सिलीनं मनात येईल ते लिहायचं, म्हणजे इथे कंटाळा आला, हे खोटं वाटतं, असं कुणी बोलत नाही. वाचून झालं की प्रत परत खणात. आम्ही बदल केले की बदललेली पानं घालून तीच प्रत पुन्हा त्याच खणात ठेवतो. कोणता आकडा कुणाला आला हे ग्रंथपालबाईंनाही ठाऊक नसतं. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात एक वाक्य असतं: 'तू कोण आहेस हे आम्ही कधीही शोधणार नाही.' त्या वाक्याचा मला फार अभिमान होता.

या वेळचं पुस्तक सिस्टरांचं होतं. सिस्टर म्हणजे मुलांच्या इस्पितळात तीस वर्षं काढून निवृत्त झालेली बाई. सगळं जग त्यांना सिस्टर म्हणतं, त्यांचे जावईसुद्धा. त्यांच्या कादंबरीत चौदा वर्षांची एक मुलगी होती. तिला वर्गातला एक मुलगा आवडायला लागतो, इकडे घरी शिकवायला येणारे वडिलांचे एक मित्र तिच्याशी नको तसं वागायला लागतात, आणि ती शेवटी कुणाला तरी सांगते. सिस्टरांनी ते सरळ लिहिलं होतं. भडक काहीच नव्हतं, पण सरळ होतं. माझी गाळण उडाली. मी वर्गातल्या मुलाचा हात कापला. शिकवणाऱ्या गृहस्थांचा प्रसंग तीन ओळींवर आणला: दार बंद झालं, खिडकीतल्या कुंडीतल्या फुलानं मान टाकली, संध्याकाळ झाली. पूर्वी सिनेमात दोन फुलं एकमेकांवर आपटायची, तसला प्रकार. मग ती मुलगी कुणाकडे जाते, काय बोलते, तिथे तिला काय विचारतात, अशी चार पानं होती. ती मला माहितीपत्रकासारखी वाटली. अठ्ठ्याऐंशी ते एक्क्याण्णव. ती मी उपसून काढली आणि त्याऐवजी आईनं तिला जवळ घेतल्याच्या दोन ओळी सत्त्याऐंशीच्या तळाशी लिहून दिल्या. सिस्टरांना म्हटलं, आधी मुलांना वाचू दे, मग बोलू.

मंगळवारी सकाळी पाचही प्रती परत आल्या. चहा पुढ्यात घेऊन मी त्या चाळायला बसले. एक नंबरनं मुखपृष्ठावर मिशा काढल्या होत्या. दोन नंबरनं दर दुसऱ्या पानावर 'बोअर' लिहिलं होतं आणि तीन नंबरनं माझी शुद्धलेखनाची चूक काढून तीनदा अधोरेखित केली होती. मग चार नंबरची उघडली. पहिल्या सत्तर पानांचे समास कोरे होते. मग जिथे दार बंद होत होतं तिथे, समासात, बारीक सरळ अक्षरात लिहिलं होतं:

'दार बंद करत नाहीत. उघडंच ठेवतात. म्हणजे घरच्यांना काही वाटत नाही.'

मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. पेन्सिल इतकी दाबून धरलेली होती, की मागच्या पानावर अक्षरं उमटली होती. फुलाच्या ओळीशी लिहिलं होतं: 'हे कळलं नाही. काय झालं ते तिला तरी कळलं का?' आईच्या मिठीशी लिहिलं होतं: 'एवढ्या लवकर?' आणि शेवटच्या पानाच्या मागे, कोऱ्या बाजूला:

'माझ्या प्रतीत ८७ नंतर एकदम ९२ आहे. तिनं कुणाला सांगितलं ती पानं पडली आहेत. बाकीच्यांच्या प्रतीत आहेत का? असतील तर मला पाहिजेत.'

पानं उपसली तेव्हा मी आकडे बदलले नव्हते. वीस वर्षांत इतकी ढोबळ चूक माझ्या हातून झाली नव्हती. पण चुकीची लाज वाटायला मनात जागाच नव्हती. या गावात कुठेतरी एका घरात एक दार उघडं होतं, आणि आतलं मूल माझ्याकडे चार पानं मागत होतं. ते कोण हे शोधायची वाट मी स्वतःच्या हातानं बुजवून ठेवली होती.

खरं सांगते, सगळ्यात आधी मी काय केलं असेल तर घरी गेले. भर दुपारी. माझी लेक चौदा वर्षांची आहे आणि त्याच वाचनालयात जाते. ती शाळेत होती. तिच्या वह्या मी एकेक करून जमिनीवर पसरल्या, चार नंबरची प्रत शेजारी ठेवली आणि अक्षर ताडून पाहिलं. आमच्याकडे येणारा प्रत्येक पुरुष डोळ्यांसमोरून गेला, माझा सख्खा भाऊसुद्धा. लेकीचं अक्षर गिचमिड, वाटोळं आणि उताराला लागलेलं आहे. समासातलं ते नव्हतं. हायसं वाटून मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. मग लक्षात आलं, की कुणाच्या तरी घरी ते अक्षर ओळखीचं असणारच, आणि मला माझ्या हायसं वाटण्याची किळस आली.

संध्याकाळी मी सिस्टरांना कचेरीत बोलावलं आणि प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, समास वाचला, आणि प्रत उलटून शेवटचं पानही वाचलं.

"ग्रंथपालबाईंना विचारते," मी म्हटलं. "कोण कुठली प्रत नेतं, तेवढं लक्ष ठेवायला सांगते. वचन राहू दे बाजूला."

"आणि मग काय करशील? तिच्या घरी जाऊन दार वाजवशील? दार कोण उघडेल, ठाऊक आहे?" सिस्टर म्हणाल्या. "अगं, घाबरलेलं मांजर पलंगाखालून शेपटीला धरून ओढता येत नाही. जास्तच आत जातं."

"मग हातावर हात धरून बसायचं का?"

"बसायचं नाही. तिनं मागितलंय ते द्यायचं. चार पानं मागितलीत ना? तीच दे." मग त्यांनी माझी तीन ओळींची करामत वाचली. फुलापाशी त्या थांबल्या. "हे तू लिहिलंस?"

"मुलांसाठी आहे, सिस्टर. किती लिहायचं याला काही मर्यादा..."

"मर्यादा मलाही कळते. मी अंगाचं वर्णन कुठे केलं होतं? एक शब्द दाखव." मी पानं चाळायला लागले. "तो वर्गातला पोरगा तिचा हात धरतो, तिला छान वाटतं. हा माणूस हात धरतो, तिच्या पोटात गोळा येतो. एक हवासा, एक नकोसा. तू दोन्हींवर एकच पडदा टाकलास. आता वाचणाऱ्या पोरीनं फरक ओळखायचा कसा? तिला वाटणार, दोन्ही सारखंच, दोन्ही लाजेचंच, दोन्ही गप्प बसायचंच."

"फोन येतात हो," मी म्हटलं. ते म्हणताना माझं मलाच कसंतरी झालं.

"येऊ देत. फोन चावत नाही."

आम्ही चार दिवस त्या प्रकरणावर बसलो. एकेका वाक्यावरून भांडलो. सिस्टरांचा नियम साधा होता: शरीर दाखवायचं नाही, पण काय घडतंय हे झाकायचंही नाही. मुलीला कुठे बसावंसं वाटत नाही, घड्याळाकडे ती कितीदा बघते, शिकवणी संपल्यावर हात किती वेळ धुते, हे लिहायचं. दार उघडं ठेवलं. पलीकडच्या खोलीत आईच्या शिवणयंत्राचा आवाज चालू ठेवला, कारण तो मधेच थांबतो का, याकडे त्या मुलीचे कान लागलेले असतात. ते लिहून झालं तेव्हा मला घाम फुटला होता. वर्गातल्या मुलाचा हातही परत आला, आणि खरं म्हणजे ते पुस्तकातलं सगळ्यात सुंदर पान होतं. मिठी एवढ्या लवकर दिली नाही. आई आधी चिडते, खोटं आहे म्हणते, आणि मग उठून पाणी आणते.

अठ्ठ्याऐंशी ते एक्क्याण्णव जशीच्या तशी घातली. शेवटी एक चौकट टाकली: 'ही पानं पडली नव्हती. मी काढली होती. चूक माझी. मी आणि या पुस्तकाच्या लेखिका दर शनिवारी चार ते सहा वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलाशी असतो. पुस्तकाबद्दल किंवा कशाहीबद्दल बोलायला यावं. संपादक.' पाचही प्रतींत तेच घातलं, म्हणजे कुणा एकाकडे बोट जायला नको. पाची खण भरले आणि वाट बघायला लागलो.

एक, दोन, तीन आणि पाच नंबर दोन दिवसांत गेले. चार नंबर जागचा हलला नाही.

मी रोज कचेरीतून निघाले की आधी वाचनालयात जायची. खणात ती प्रत तशीच, दोऱ्याची गाठ तशीच. माझ्या डोक्यात नाही नाही ते यायचं. कुणी पाहिलं असेल का तिला लिहिताना? तिच्या घरचे गाव सोडून गेले असतील का? ती आजारी असेल का, किंवा त्याहून वाईट काही? सकाळी वर्तमानपत्र उघडायची भीती वाटायची. लेकीला मी इतक्या वेळा जवळ घेतलं, की ती म्हणाली, "आई, तुला बरं नाहीये का?"

पहिल्या शनिवारी कुणी आलं नाही. मी वाचनकक्षातल्या प्रत्येक मुलीकडे बघत होते. कोणाच्या बाह्या लांब आहेत, कोण नखं खातंय, कोण घड्याळ बघतंय. सिस्टरांनी टेबलाखालून पाय मारला. "अशी टक लावून बघू नकोस. पोरी घाबरून पळतील."

दुसऱ्या शनिवारी दोन वेण्यांची एक मुलगी तरातरा चालत आली. मला वाटलं, हीच ती. ती म्हणाली, "मी दोन नंबर. शेवट अजून बोअरच आहे." सिस्टर तिच्याशी अर्धा तास शेवटाबद्दल बोलल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण मला हसूही येत होतं आणि रडूही.

त्यानंतरच्या बुधवारी चार नंबरचा खण रिकामा होता. मी आत हात घालून चाचपूनही पाहिलं.

तिसऱ्या शनिवारी सिस्टरांना उशीर झाला. नातवाला दवाखान्यात न्यायचं होतं, साडेचारला पोचते म्हणाल्या. मी एकटीच होते. सव्वाचारच्या सुमाराला एक मुलगा टेबलाशी येऊन उभा राहिला. तेरा-चौदा वर्षांचा, उंच, गणवेशाची पँट आखूड झालेली. मला वाटलं, खुर्ची मागायला आलाय. मी म्हटलं, "घे रे, रिकामीच आहे."

त्यानं टेबलावर चार नंबरची प्रत ठेवली.

तीन आठवडे मी मुलींची तोंडं शोधत होते. ती, ती, ती म्हणत होते. सिस्टरसुद्धा. हा मुलगा दर शनिवारी पलीकडच्या टेबलाशी बसत असणार आणि मी त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जात असणार.

"पानं मिळाली," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता प्रतीकडे बघून बोलत होता. "त्यात ती ज्यांना सांगते त्या बाई खऱ्या आहेत का?"

"खऱ्या आहेत. इस्पितळात बसतात. मुलांशी बोलणं हेच त्यांचं काम आहे. सिस्टर ओळखतात त्यांना. आम्ही दोघी तुझ्याबरोबर येऊ."

"मुलांचं पण ऐकतात? म्हणजे मुलग्यांचं?"

"ऐकतात," मी म्हटलं. "तुझंही ऐकतील. मी ऐकतेय."

त्यानं प्रतीच्या दोऱ्याची गाठ चाचपली. मग एका दमात बोलला, जणू पाठ करून आला होता. मावशीचे यजमान. आईबाबा दोघंही नोकरीवर, म्हणून शाळा सुटल्यावर तो मावशीकडे जातो. अभ्यास काका घेतात. मावशी स्वयंपाकघरात असते. सगळे म्हणतात, काका किती करतात तुझ्यासाठी. आता बाहेर गाडीत बसलेत, दर शनिवारी तेच सोडतात, तेच नेतात. साडेचारला यायला सांगितलंय. "मला नाही जायचं," तो म्हणाला.

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मी टेबलाखाली सिस्टरांना फोन लावला आणि एवढंच म्हटलं, "तो आलाय. लवकर या." तो कोण हे त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "त्याला सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "मी आलेच. दहा मिनिटं."

आम्हाला दहा मिनिटं मिळाली नाहीत.

ते गृहस्थ शांतपणे आत आले. मी कुणीतरी राकट माणूस डोळ्यांसमोर आणला असावा. हे तर आमचे शेजारी म्हणूनही शोभले असते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा, चेहऱ्यावर थोडंसं दमलेलं हसू. त्यांनी येताना ग्रंथपालबाईंना मान लवून नमस्कार केला. मुलाचा चेहरा मी पाहिला. तो कोरा झाला होता, आतून कुणी पुसून काढल्यासारखा.

"इथे आहेस होय," ते म्हणाले. मग प्रतीवरचं आमच्या संस्थेचं नाव वाचून माझ्याकडे वळले. "तुम्ही या संस्थेच्या संपादक का? वा. तुमची सगळी पुस्तकं आहेत आमच्याकडे. मीच आणून देतो याला. हल्ली पोरांच्या हातात काय काय पडतं, तुम्हाला सांगायला नको. पण तुमची पुस्तकं फार स्वच्छ असतात. डोळे झाकून द्यावीत."

वीस वर्षं मी ज्या कौतुकासाठी कापत आले, ते कौतुक माझ्यासमोर उभं होतं.

"चल रे," ते म्हणाले आणि हात पुढे केला.

"तो आज तुमच्याबरोबर येणार नाही," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक निघाला, की त्यांनी कान पुढे करून "काय म्हणालात?" असं विचारलं. तेव्हा मला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा ते वाक्य फार मोठ्यानं निघालं. सगळ्या कक्षातल्या माना वर झाल्या. ग्रंथपालबाई काउंटरच्या मागून बाहेर आल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, पण त्या येऊन माझ्या बाजूला उभ्या राहिल्या.

त्या गृहस्थांचं हसू गेलं नाही. ते फक्त जरा आखडलं. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. ते मुलाशी बोलले, अगदी मायेनं.

"काय तमाशा आहे हा? आईला कळलं तर तिला काय वाटेल? करू का तिला फोन? सांगू, तू इथे काय चालवलंयस ते?"

त्यांनी खिशातून फोन काढला. मी मुलाकडे बघितलं आणि वाटलं, संपलं. आईचं नाव निघालं, आता हा उठून त्यांच्यामागे जाणार, आणि मी त्याला कशानं अडवणार?

मुलगा आल्यापासून उभाच होता. त्यानं माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि तो बसला.

"करा," तो म्हणाला. "आणि झालं की फोन माझ्याकडे द्या. मला पण तिच्याशी बोलायचंय."